पाण्यावर आलेली तोंडं

चादरीचं एक टोक तिच्या हातात होतं आणि दुसरं वन्संच्या. दोघी समोरासमोर उभ्या राहून उलट्या बाजूंनी पीळ देत होत्या. चादर निम्मी पिळून झाली असेल नसेल, तोच रस्त्यावर टेम्पोचा भोंगा वाजला. तिनं हातातलं टोक तसंच सोडलं. पीळ गर्रकन उलटा फिरला आणि वन्संच्या तोंडावर पाण्याचा सपकारा बसला.

"अगं, मासेच आलेत, जावई नाही!" वन्सं ओरडल्या. पण ती तोवर फाटकापर्यंत पोचलीसुद्धा होती.

वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्नाच्या भानगडीत त्या कधी पडल्या नाहीत. शिवणयंत्र आणि तिखट जीभ एवढ्या भांडवलावर त्यांनी भावाला वाढवलं, आणि भावाचं लग्न झाल्यावर त्याच्या बायकोलाही वाढवलं, असं त्या स्वतःच सांगायच्या.

टेम्पोत पाण्यानं आणि हवेनं टम्म फुगवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या होत्या, तोंडं रबरानं करकचून बांधलेली. प्रत्येकीत बोटाएवढाली पिल्लं नुसती सळसळत होती. बोटुकली म्हणतात त्यांना. माशांचं बीज म्हणून ती आणून देणाऱ्याला सगळा भाग बीजवाला म्हणूनच ओळखायचा. पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळलेला, बोलण्यात सतत हसू.

घराच्या मागे जुन्या वीटभट्टीसाठी माती काढलेला मोठा खड्डा होता. तोच साफ करून, बांध घालून, कोपऱ्यात विहिरीची नळी सोडून, पाणी भरून तळं केलं होतं. चुना टाकायच्या दिवशी तिनं नवऱ्याला घरात कोंडलं होतं आणि स्वतः नाकाला फडकं बांधून घमेल्यानं चुना उधळला होता. त्याच्या छातीत आता आणखी कसलीही धूळ जाऊ द्यायची नाही, हे तिनं देवासमोर बोलून ठेवलं होतं.

"सोडा ना लवकर, गुदमरतील बिचारी," ती म्हणाली.

"गुदमरत नाहीत, वहिनी. पिशवी आधी तळ्यात तरंगू द्या. आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी एकमेकांशी जुळू द्या. एकदम सोडलं तर धक्क्यानंच जातील." बीजवाल्यानं पिशव्या पाण्यावर सोडल्या आणि बांधावर बसकण मारली. "आता खाण्याचं ऐका. कोंडा आणि पेंड भिजवून गोळे करायचे. ऊन चांगलं वर आलं की एकदाच द्यायचे. आभाळ भरून आलं असेल त्या दिवशी देऊच नका."

"म्हणजे उपाशी ठेवायचं?"

"उपाशी कसली? पाणी हिरवं झालंय ना, त्यातच त्यांचं खाणं असतं. वरून दिलेलं उरलं की कुजतं, पाणी बिघडतं."

"हिला हे सांगून काही उपयोग नाही," वन्सं तोंड पुसत म्हणाल्या. "हिच्या दारातून कुत्रंसुद्धा ढेकर दिल्याशिवाय जात नाही."

सगळे हसले. नवराही हसला, आणि हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली. मग कुणीच हसलं नाही.

"काही वेगळं दिसलं तर फोन करा," जाताना बीजवाला म्हणाला. तिनं मान हलवली आणि मनापासून हलवली.

तिच्या वाढण्याची थट्टा नवी नव्हती. माहेरी खाणारी तोंडं पुष्कळ आणि पातेलं एक. आई वाढत जायची ते मोठ्यापासून, आणि ही मधली असूनही मुद्दाम शेवटी बसायची. "माझं पोट भरलंय" हे वाक्य ती फार लहानपणी शिकली. लग्न होऊन आली तेव्हापासून तिच्या पातेल्यात एका माणसाचं जास्तच असायचं. कुणी आलं तर त्याला, नाही आलं तर सकाळी दारात येईल त्याला. नात्यात तिला वाढपी म्हणायचे. ती रागवायची नाही. देवानं आपल्याला दिलेलं काम आहे हे, असं ती समजायची, आणि उघड्या तोंडाला घास नाकारणं हे तिच्या लेखी पापच होतं.

नवरा खडीच्या खाणीवर होता. मोठमोठे दगड यंत्रात पडायचे, खाली बारीक खडी यायची आणि वर पांढरी धूळ. उमेदीची सगळी वर्षं त्यानं ती धूळ खाल्ली. मग खोकला सुरू झाला, मग जिना चढताना थांबणं आणि मग जिनाच नको म्हणणं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाकडे धरला, खाली घेतला, पुन्हा धरला. शेवटी म्हणाले, "झालंय ते परत जाणार नाही. पण आणखी धूळ गेली तर मात्र माझ्याकडे यायची वेळसुद्धा येणार नाही."

तेव्हापासून पहाटे तो अंथरुणावर उठून बसायचा. कोपर गुडघ्यांवर, मान पुढे, तोंड उघडं. ती कोमट पाण्याचा पेला त्याच्या हातात द्यायची आणि पाठ चोळत मनातल्या मनात देवाचं नाव घेत राहायची. हळूहळू श्वास बसायचा, मग उजाडायचं.

खाणीवरची त्याची पिवळी टोपी, डोक्याला दगड लागू नये म्हणून घालतात ती, दाराजवळच्या खिळ्याला तशीच टांगलेली होती. मुकादमानं निरोप धाडला होता, जागा राखून ठेवतो, पहिले मासे विकेपर्यंत वाट बघतो. मुकादम तसा मनानं वाईट नव्हता. नवरा तिला एकदा म्हणाला होता, "हे तळं चाललं तर ठीक. नाही चाललं तर मी आपला परत खाणीवर. दुसरं काय येतंय मला?"

एवढंच बोलला. त्या दिवसापासून तिच्या दृष्टीनं तळ्यातले मासे नुसते मासे राहिले नाहीत. ते जगले तर हा जगणार होता.

सुरुवातीला बोटुकली दिसायचीच नाहीत. गोळे टाकले की पाण्यात नाहीसे व्हायचे, बस्स. मग तिनं एक युक्ती केली. खाणं टाकण्याआधी डब्याचं झाकण पळीनं वाजवायचं. टण् टण् टण्. थोड्याच दिवसांत आवाज झाला की पाण्याखाली सावल्या गोळा व्हायला लागल्या. पुढे तर ती नुसती बांधावर उभी राहिली तरी मासे काठाशी यायचे. बोटाएवढे होते ते तळहाताएवढे झाले. नवरा उलट्या घातलेल्या खोक्यावर बसून तासन् तास पाण्याकडे बघायचा.

"पाणी बघितलं की छाती मोकळी वाटते," तो म्हणाला.

"मग मासे विकूच नकोस, नुसता बघत बस," वन्सं म्हणाल्या. "मी शिवतेच आहे कपडे आयुष्यभर."

"ताई, तू शिवलेल्या सदऱ्याला एक बाही लांब असते. मासे विकावेच लागतील."

त्या घरात कित्येक दिवसांनी असं हसणं-बोलणं चाललं होतं. ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकायची आणि देवाचे आभार मानायची.

मग आभाळ भरून आलं. पाऊस नाही, वारा नाही, ऊन नाही. नुसतं राखेसारखं आभाळ, दिवसामागून दिवस. नवऱ्यानं पेंडीचा डबा बंद करून फळीवर ठेवला. "ऊन पडेपर्यंत काही द्यायचं नाही. बीजवाला सांगून गेलाय."

पहिल्या दिवशी तिनं ऐकलं. दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी भरायला म्हणून मागच्या दारानं बाहेर पडली, तर तळ्याच्या कडेला थोडी तोंडं पाण्यावर आलेली. उघडत होती, मिटत होती, पुन्हा उघडत होती. झाकण वाजवलं नव्हतं, हाक मारली नव्हती, तरी आली होती. तिच्या काळजाचं पाणी पाणी झालं. कालपासून पोटात काही नाही बिचाऱ्यांच्या. तिनं घरात जाऊन आवाज न करता डबा काढला आणि दोन मुठी पेंड टाकून आली. मासे खाण्यावर तुटून पडले नाहीत. अशक्त झालेत, तिला वाटलं.

वेगळं काही दिसलं तर फोन करा, असं बीजवाला म्हणाला होता. पण खाण्यासाठी उघडलेलं तोंड हे तिच्या जगात सगळ्यांत ओळखीचं दृश्य होतं. त्यात वेगळं काय असणार?

आभाळ काही हलेना. रोज पहाटे तोंडं वाढत गेली आणि तिच्या मुठीही. नवऱ्याला सांगितलं नाही. तो नियमाचा माणूस, नाही म्हणाला असता, आणि उपाशी जिवासमोर नियम कसला, असं तिचं मन म्हणत होतं. आदल्या दिवशीची पेंड काठाला फुगून, मऊ होऊन तरंगत होती. तीही तिनं पाहिली. पाहिली आणि मनाची समजूत घातली, की आज हळूहळू खातील.

मग एका पहाटे तर सगळं तळंच तोंडांनी भरून गेलं होतं. काठापासून मधोमधपर्यंत, ठिपक्यांसारखी. आणि त्यांचा आवाज येत होता, ओल्या ओठांचा, बारीक, टुप् टुप् टुप्. तिनं कोंड्याचं अख्खं घमेलं उचललं आणि बांधावर बसून ओंजळी भरभरून टाकायला लागली. "खा रे बाळांनो," ती म्हणत होती. "देव बघतोय, खा."

मागे दाराचा आवाज झाला. दमट हवेनं नवऱ्याची रात्र वाईट गेली होती. तो चौकट धरून उभा होता, खांदे वर-खाली होत होते.

"काय करतेयस?"

"भुकेले आहेत हो फार. बघा ना कसे तोंड वासून आलेत. मला राहवेना."

तो भिंत धरत धरत बांधापर्यंत आला. पाण्याकडे बघत राहिला. काठाला साचलेल्या पेंडीकडे बघितलं. मग पुन्हा त्या तोंडांकडे. त्याचा हात आपोआप स्वतःच्या छातीवर गेला.

"अगं, भूक नाही ही."

"मग?"

"दम लागलाय त्यांना. पेंड कुजून पाण्यातली हवा संपलीय." तो थांबला, श्वास घेतला. "हे तोंड मला माहीत आहे."

तिच्या हातातलं घमेलं खाली पडलं. रोज पहाटे तेच तोंड तिच्या समोर असायचं. कोपर गुडघ्यांवर टेकलेलं, मान पुढे काढलेलं. त्या तोंडासमोर तिनं कधी ताट नेलं नव्हतं. आणि इथे?

ती पुढचा विचार करायच्या आत तो पाण्यात उतरला होता. बांधावरचा बांबू घेऊन कमरेइतक्या पाण्यात उभा राहून तो पाणी झोडपायला लागला. "पाणी हलवा! वरून ओता! बादल्या आणा!" तो दम खात ओरडला. ती म्हणाली, "अहो, तुम्ही बाहेर या, मी करते!" पण त्याला ऐकू येत नव्हतं की ऐकायचं नव्हतं, कोण जाणे. वन्सं झोपेतून उठून तशाच धावत आल्या. दोघी बादल्या भरभरून उंचावरून पाणी तळ्यात ओतत राहिल्या. फेस झाला. काही तोंडं खाली गेली, तिला वाटलं वाचली. पण ती परत वर आली ती पोट वर करून, पांढरी.

तो झोडपतच होता. बांबू पाण्यावर पडण्याचा आवाज हळूहळू कमी होत गेला. मग बांबू नुसता तरंगायला लागला.

दोघींनी त्याला काखेत धरून बांधावर ओढलं. ओठ निळे पडले होते. तोंड उघडं होतं, पण त्यातून काही आत जात नव्हतं. वन्संनी बीजवाल्याला फोन लावला. तो टेम्पो घेऊन आला, तळ्याकडे एकदाच बघितलं आणि नवऱ्याला उचलून टेम्पोत घातलं.

दवाखान्यात त्याच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा बसवला. नळीच्या दुसऱ्या टोकाला भिंतीवर पाण्याची छोटी बाटली होती आणि तिच्यातून बुडबुडे निघत होते. बुड बुड बुड. ती दिवसभर त्या बाटलीकडे बघत बसली. पाण्यात हवा भरावी लागते, हे एवढंसं तिला कुणी सांगितलं नव्हतं, की सांगितलं असतं तरी तिनं ऐकलं नसतं? तिनं देवाला काहीच मागितलं नाही. मागायला तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं डोळे उघडले. हातानं मुखवटा जरा बाजूला केला.

"मला ताट नाही ना वाढलंस?"

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला, आणि त्यातून हसणं बाहेर पडलं की रडणं, ते शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही समजलं नाही.

"मासे?" त्यानं विचारलं.

"मेले."

"सगळे?"

"बहुतेक. विहिरीचं पाणी पडतं त्या कोपऱ्यात थोडे आहेत, बीजवाला म्हणाला." मग तिनं पुढचंही सांगून टाकलं. "मी रोज घालत होते. तुम्हाला न विचारता."

"पेंड दिसली मला," तो म्हणाला. मुखवटा परत चढवला आणि भिंतीकडे वळला.

संध्याकाळी मुकादम आला. हातात फळंबिळं काही नव्हती, पण आला होता. खाटेशेजारी उभा राहून म्हणाला, "बरा हो आणि ये. यंत्रावर नको, वजनकाट्यावर बसवतो. तिकडे धूळ कमी असते."

"खाणीत धूळ कमी?" वन्सं म्हणाल्या. "समुद्रातही पाणी कमीच असतं म्हणा."

मुकादम ओशाळला. "ताई, माझ्या हातात आहे तेवढं सांगतो. माझीही परवड चाललीय. भटारखान्यातली बाई सोडून गेली, माणसं कोरडा पाव खाऊन दगड उचलतायत. नवीन कुणी टिकत नाही."

नवऱ्यानं मुखवट्याआडून मान हलवली. येतो, अशी. ती मान तिनं पाहिली.

वन्सं दवाखान्यात थांबल्या असत्या, पण तळ्यावर वास सुटला होता. म्हणून बीजवाल्याची बायको नवऱ्याजवळ बसली आणि दोघी घरी आल्या. मेलेले मासे जाळ्यानं ओढून काढायचे, खड्ड्यात टाकायचे, वर चुना. तळहाताएवढे, चांगले भरलेले. काहींच्या तोंडात अजून पेंड होती. ती कुदळ मारत होती, वन्सं घमेली ओतत होत्या.

"मी मारले, वन्सं."

वन्संनी घमेलं रिकामं केलं. "हो, मारलेस. आता खड्डा खोल कर. कुत्री उकरतील."

तिनं खड्डा खोल केला. माती ओढून झाल्यावर वन्सं शेजारी टेकल्या आणि त्यांनी तिच्या हातातली कुदळ काढून घेतली. तिच्या तळहातांची सालटी निघाली होती. वन्संनी त्यावर फुंकर घातली, लहान मुलाला घालतात तशी, आणि तरीही तोंडानं म्हणाल्या, "वाढपी कुठली."

"ते खाणीवर जाणार."

"जाणारच. घर कसं चालेल नाहीतर?"

"मी जाते."

"यंत्रावर?"

"भटारखान्यात. त्यांना बाई हवीय ना. तेवढंच येतं मला."

वन्संनी तिच्याकडे नीट बघितलं. "तिथे धूळ येत नाही होय? अख्ख्या माळावर उडते."

"येते. पण माझी छाती अजून कोरी आहे."

वन्सं कुदळ खांद्यावर टाकून उठल्या.

सकाळी आभाळ उघडलं. किती दिवस ज्या उन्हासाठी तिनं प्रार्थना केली ते आता सगळ्या अंगणावर पसरलं होतं. ती बांधावर गेली. पाणी काळपट होतं. विहिरीचं पाणी पडतं त्या कोपऱ्यात, तिची सावली पडताच, काही मासे काठाशी आले. थोडे होते. तोंडं पाण्याखालीच होती. शेपट्या हलत होत्या, आणि ते तिच्याकडे तोंड करून थांबले होते, सवयीनं. खरोखर भुकेले असतील का आता? असतील. बीजवाल्यानं सांगितलं होतं, पाणी सुधारेपर्यंत काही द्यायचं नाही.

तिचे हात रिकामे होते. ती उभी राहिली, मासे थांबले. मग ती पाठ फिरवून चालू लागली. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला तरी उपाशी ठेवून ती दारातून आत गेली, आणि आत जाऊन देवासमोर हात जोडले. हात तसेच जोडलेले राहिले.

"विहिरीचं पाणी बंद करू नका, वन्सं. दिवसभर पडू दे."

"आणि खायला?"

"काही नाही."

वन्सं शिवणयंत्रामागून म्हणाल्या, "ऐकलं देवा हे?" पण आवाजात धार नव्हती.

तिनं साडी बदलली, दाराजवळच्या खिळ्यावरची पिवळी टोपी काढली, पदरानं पुसली. आतल्या पट्ट्याला त्याच्या घामाचा जुना डाग होता, तो काही निघाला नाही. टोपी पिशवीत घातली. आता खाणीवर जायचं, टोपी मुकादमाच्या हातात द्यायची, नवरा आता येणार नाही म्हणून सांगायचं, आणि भटारखान्यात आजपासून उभं राहू का ते विचारायचं.